खुनी कोण हे गावाला माहीत असताना

‘रहस्यकथांवर पीएचडी करता येते का?’ पेट आणि नेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. करता येते. फक्त त्या प्रश्नाच्या मागोमाग सिनॉप्सिसचं जे शीर्षक येतं, ते बहुतेक वेळा असं असतं: ‘गुन्हेकथांमधील जात, सत्ता आणि न्याय : एक चिकित्सक अभ्यास’. हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. आरआरसीपुढे बसलात की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारणारच की तुम्हाला नेमकं शोधायचं काय आहे. ‘चिकित्सक अभ्यास’ हे उत्तर तिथे चालत नाही.

तर या विषयाचा प्रश्न कसा करायचा, ते एका खटल्याच्या आधारानं बघू. खटला गोंदियाच्या शेजारचा आहे. पण त्याआधी रहस्यकथेचं यंत्र कसं चालतं ते थोडं समजून घ्या, कारण पुढे तेच यंत्र कोर्टाच्या निकालपत्रात दिसणार आहे.

त्झ्वेतान तोदोरोव या अभ्यासकानं १९६६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. रहस्यकथेत दोन कथा असतात. एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. गुन्ह्याची कथा पुस्तक उघडण्याआधीच घडून गेलेली असते, आपण ती कधी बघत नाही. आपण वाचतो ती तपासाची कथा. तपास हळूहळू पहिली कथा आपल्यापुढे उभी करतो. शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि सांगतो की असं असं झालं, खुनी हा, आणि हेतू हा. हेतू शक्यतो एकच. वारसाहक्क असेल, सूड असेल, नाहीतर प्रेमप्रकरण. दोन-तीन हेतूंची सरमिसळ झाली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

हा ‘एकच हेतू’ लक्षात ठेवा.

आता तपास करणारा कोण असतो? मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड यांना बहुतेक आडनावच नाही. सुहास शिरवळकरांकडे बॅरिस्टर अमर विश्वास आहे, मंदार पटवर्धन आहे, फिरोज इराणी आहे. बंगालीत ब्योमकेश बक्षी. ही सगळी माणसं कोणाच्याही घरात जातात, खुर्चीवर बसतात, चहा घेतात आणि प्रश्न विचारतात. उत्तर मिळतं. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण ‘प्रश्न विचारला की उत्तर मिळणं’ ही सोय सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. विशेषाधिकार म्हणतात तो हाच, आणि तो ज्याच्याकडे असतो त्याला तो दिसतसुद्धा नाही.

तो दिसतो कधी? डिटेक्टिव्ह बदलला की. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा १९६७ चा अमेरिकन सिनेमा बघा (मूळ कादंबरी जॉन बॉलची, १९६५ ची). मिसिसिपीतल्या गावात खून होतो. स्टेशनवर गाडीची वाट बघणारा एक काळा माणूस खिशात पैसे सापडले म्हणून पकडला जातो. तो निघतो खुद्द पोलीस अधिकारी, व्हर्जिल टिब्स. पुढे तपास तोच करतो, पण प्रत्येक दारात आधी ‘तू कोण विचारणारा?’ या प्रश्नाला तोंड देऊन. आपल्याकडे २०२३ च्या ‘दहाड’ मालिकेत तपास अधिकारी अंजली भाटी ही दलित आहे, आडनाव बदललेलं आहे, आणि ठाण्यातला एक सहकारी ती जवळून गेली की उदबत्ती लावतो. गंमत म्हणून दाखवलेलं नाही ते.

इथे थोडं थांबून एक फरक पक्का करा, कारण परीक्षक यावर अडवतात. वंश आणि जात एक नाही. टिब्सचा रंग स्टेशनवरच्या शिपायाला दुरून दिसला. जात डोळ्यांना दिसत नाही, ती माहीत असावी लागते. आडनावावरून, वस्तीवरून, ‘कोणत्या टोलीवरचे?’ या प्रश्नावरून. शहरात ती काही काळ लपते. हजारभर वस्तीच्या गावात मात्र कोणाची जात कोणाला माहीत नाही असं होत नाही. ‘माहीत असणं’ हा शब्दही बाजूला काढून ठेवा, कायद्यात तो परत भेटणार आहे.

आता खटला. गोंदियाहून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की तिरोडा लागतं, मग तुमसर रोड. त्या भागातच भंडारा जिल्ह्याचा मोहाडी तालुका आणि त्यात खैरलांजी. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी हा सगळा एकच भंडारा जिल्हा होता. (नेटवर शोधताना एक काळजी घ्या: खैरलांजी नावाची तहसील बालाघाट जिल्ह्यातही आहे. नुसतं गावाचं नाव टाकलंत तर भलतंच हाती लागेल.)

२९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावानं मारलं. सुरेखा, त्यांची मुलगी प्रियंका, आणि मुलगे रोशन व सुधीर. मृतदेह कालव्यात सापडले. सुरेखाबाईंचे पती भैयालाल तेवढे वाचले. कुटुंब महार, धर्मानं बौद्ध. गावात बहुसंख्य ओबीसी, दलित घरं अगदी मोजकी. भोतमांगेंच्या शेतातून रस्ता काढण्यावरून जुना वाद होता. शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील, तेही दलित, या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहायचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना मारहाण झाली. ती कोणी केली हे सुरेखाबाईंनी आणि प्रियंकानं पोलिसांना सांगितलं. त्या प्रकरणात अटक झालेले लोक २९ तारखेला जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी हे घडलं.

तोदोरोवचं यंत्र इथे लावून बघा. लागत नाही. ‘खुनी कोण’ हे रहस्य गावात कोणासाठीच नव्हतं. गुन्हा उघड्यावर, अनेकांच्या देखत झाला. म्हणजे पहिली कथा लपलेली नव्हतीच, ती गावाला तोंडपाठ होती. तरी दुसऱ्या कथेला, म्हणजे तपासाला, ती मिळवता मिळवता नाकी नऊ आले. असं का झालं, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. रहस्यकथेत माहितीचा अभाव असतो. इथे माहिती होती, ती कागदावर यायला तयार नव्हती.

सुरुवातीच्या दिवसांत काय काय कागदावर आलं ते बघा. काही बातम्यांत आणि त्याहून जास्त लोकांच्या बोलण्यात हा प्रकार अनैतिक संबंधांवरून झाला, असं सांगितलं गेलं. रहस्यकथेत वाचकाला चकवायला लेखक एक खोटा धागा सोडतो. इथे लेखक कोणी एक नव्हता, पण धागा चोख काम करून गेला. चौघांच्या खुनाची बातमी एका बाईच्या चारित्र्याची बातमी झाली. शिवाय दिवस बघा. २ ऑक्टोबर २००६ ला दसरा होता, धम्मचक्र प्रवर्तनाचा पन्नासावा वर्धापनदिन. दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते, आणि भंडाऱ्यातल्या चार मृतदेहांची हकिगत त्यांच्यातल्या बहुतेकांपर्यंत पोचलीच नव्हती. पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले, पुरलेले मृतदेह काढून दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. विदर्भात लोक रस्त्यावर उतरले ते नोव्हेंबरात. त्यानंतर तपास सीबीआयकडे गेला आणि डिसेंबरअखेर ११ जणांवर आरोपपत्र दाखल झालं.

भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयानं सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, तिघांना सोडलं. दोषींपैकी सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पेपरांत मथळे फाशीचे आले, ते साहजिकच होतं. पण संशोधक म्हणून तुम्ही शिक्षेच्या ओळीवर थांबू नका, जे सिद्ध झालं नाही तिकडे बघा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, विनयभंगाचं कलम सिद्ध होत नाही, कट सिद्ध होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. १४ जुलै २०१० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. हेतूबद्दल खंडपीठाचं मत असं, की हा सूड होता. मायलेकींनी मारहाणीच्या प्रकरणात नावं घेतली म्हणून घेतलेला सूड, जातीवरून केलेला गुन्हा नव्हे.

बघा, शेवटच्या प्रकरणातला डिटेक्टिव्ह इथे आला. हेतू एक: सूड. आणि एक हेतू सापडला की बाकीचे आपोआप गळाले.

न्यायाधीशांचा द्वेष होता वगैरे निष्कर्ष घाईनं काढू नका. तसा निष्कर्ष प्रबंधात टिकतही नाही. त्यापेक्षा कायद्याचे शब्द वाचा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(२)(५) तेव्हा असं होतं: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे ‘या कारणावरून’ गंभीर गुन्हा केला असेल तर जन्मठेप. ‘या कारणावरून’ म्हणजे हेतू आलाच. तो सिद्ध करायचा कसा? कोर्टासमोर सहसा एकच खात्रीचा रस्ता उरतो, मारताना जातीचा उल्लेख झाला होता का. कोणी जातीचं नाव घेऊन ओरडलं नसेल आणि दुसरं कुठलंही कारण पुढे ठेवता येत असेल, तर जात बाजूला पडते.

पण सूड आणि जात हे एकमेकांना पर्याय आहेत का? एका दलित बाईनं गावातल्या वरचढ लोकांची नावं पोलिसांत सांगितली, याचा राग चौघांचा जीव घेण्याइतका कसा झाला? हीच साक्ष गावातल्याच एखाद्या मोठ्या घरच्या बाईनं दिली असती तर जमाव तिच्या घरावर गेला असता का? माझं मत विचाराल तर सूड हे कारण खरंच आहे. मात्र कोणावर, किती आणि कोणाच्या देखत सूड घेता येतो, हे जातीनं ठरवलं. हे दोन हेतू नाहीत, एकाच हेतूची दोन अंगं आहेत.

याला अभ्यासात जो शब्द आहे तो अमेरिकेतल्या एका खटल्यातून वर आला. जनरल मोटर्समधल्या पाच काळ्या स्त्रिया कोर्टात गेल्या. १९७६ चा निकाल. कंपनी स्त्रियांना नोकरी देत होती, पण त्या गोऱ्या आणि ऑफिसात. काळ्यांनाही देत होती, पण ते पुरुष आणि कारखान्यात. कोर्ट म्हणालं, वंशाचा दावा करा किंवा लिंगाचा करा, दोन्ही जोडून तिसराच दावा करता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या निकालाची चिरफाड करून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संकल्पना मांडली, मराठीत आपण आंतरछेदिता म्हणतो. चौकात दोन रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांनी धडक दिली तर जखमीला ‘नेमक्या कोणत्या रस्त्यावरच्या गाडीनं लागलं ते आधी सांग’ म्हणायचं, असा तो प्रकार.

पण सिनॉप्सिसमध्ये क्रेनशॉ लिहून थांबू नका. आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याबद्दल जे लिहिलं, ते या खटल्याच्या जास्त जवळचं आहे. दलित चळवळीत पुरुषाचा अनुभव दलिताचा म्हणून पुढे येतो, स्त्री चळवळीत सवर्ण बाईचा अनुभव बाईचा म्हणून. मग मधली कुठे जाते? खैरलांजीच्या बातम्यांत ती चारित्र्याच्या गोष्टीत गेली, निकालात ती साक्षीदार म्हणून उरली. आनंद तेलतुंबडे यांचं खैरलांजीवरचं इंग्रजी पुस्तक २००८ मध्ये आलं, तेही वाचा. मात्र ते एका भूमिकेतून लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचा, निकालपत्राच्या जागी नाही.

कायदा पुढे बदलला. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत ‘या कारणावरून’ हे शब्द गेले आणि त्या जागी ‘हे माहीत असताना’ असा अर्थ आला. जोडीला कलम ८ मध्ये भर पडली: आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरेल, तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीची. म्हणजे मघाशी बाजूला ठेवलेला शब्द कायद्यात आला. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते हो? २००६ च्या गुन्ह्याला अर्थातच ही दुरुस्ती लागत नाही. २७ एप्रिल २०२१ च्या पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आंतरछेदितेची सविस्तर चर्चा केली. एका अंध दलित स्त्रीवरच्या बलात्काराचं ते प्रकरण. जात हे एकमेव कारण असायला हवं असा जुन्या कलमाचा अर्थ लावू नये, असा न्यायालयाचा रोख होता. पण पुढची ओळ वाचायला विसरू नका: पुरावा पुरेसा नाही म्हणून अत्याचार कायद्याखालची शिक्षा त्याच निकालानं रद्द केली, बलात्काराची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. सिद्धान्त मान्य झाला, पुरावा कमी पडला.

इथून तुमचं काम सुरू होतं, कारण पुरावा कमी पडतो म्हणजे काय, हे कागदांत शिरल्याशिवाय कळत नाही.

खालच्या कोर्टाचा कागद वाचायची सवय करा. फिर्याद, पंचनामा, पोलिसांसमोरचा जबाब, कोर्टातली साक्ष, उलटतपासणी, आरोपीचा जबाब, मग निकाल. एकच माणूस या प्रत्येक टप्प्यावर तीच गोष्ट सांगत असतो आणि ती प्रत्येक टप्प्यावर थोडी वेगळी होते. पोलीस जबाबात नसलेली गोष्ट साक्षीत आली की उलटतपासणीत वकील तिला नंतर रचलेली ठरवतात. ठाण्यात पहिल्या दिवशी जात विचारून लिहिली गेली नाही, शिवी लिहिली गेली नाही, तर दोन वर्षांनी ती सांगणारा साक्षीदार खोटा वाटू लागतो. जुने खटले वाचताना कलम १६१ आणि ३१३ दिसेल. १ जुलै २०२४ नंतरच्या कागदांत त्याच गोष्टी नागरिक सुरक्षा संहितेच्या १८० आणि ३५१ या कलमांखाली येतात, गोंधळू नका.

आणि भाषा! आपल्याकडच्या मुलांना इथे इतरांपेक्षा जास्त कळतं, ते वाया घालवू नका. भंडारा-गोंदियातला साक्षीदार झाडीबोलीत बोलतो. पाण्याला पानी म्हणतो, डोळ्याला डोरा. लिहिणारा ते प्रमाण मराठीत उतरवतो. उच्च न्यायालयात ते इंग्रजीत जातं. गावच्या भांडणात जात बहुतेक वेळा नाव घेऊन येतच नाही, ती ‘तुमचे लोक’, ‘तिकडचे’, ‘लय शिकले आता’ अशा बोलण्यात येते. ऐकणाऱ्याला बरोब्बर लागतं. इंग्रजी अनुवादात मात्र ते साधं वाक्य होऊन बसतं आणि जातीचा उल्लेख आढळला नाही असा शेरा पडायला मोकळीक मिळते.

एक बंधन मात्र पाळा. वाचलेल्या माणसांच्या, नातेवाइकांच्या दारात ‘मुलाखत द्या’ म्हणून लगेच जाऊ नका. असल्या घटनेनंतर त्या घरांनी पोलीस, पत्रकार, पुढारी, सत्यशोधन समित्या, सगळ्यांना तेच तेच सांगितलेलं असतं. जे छापून आलेलं आहे, कोर्टात नोंदलेलं आहे, ते आधी संपवा. त्यात नसलेला आणि त्या माणसानंच सांगता येईल असा प्रश्न तुमच्याकडे उरला, तर आणि तरच विचार करा, आणि गाईडच्या सहीआधी विद्यापीठाची नैतिकतेची परवानगी बघा. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात गेले. दहा वर्षं ते तीच संध्याकाळ सांगत होते.

मग सिनॉप्सिसवर काय लिहायचं? ‘गुन्हेकथांमधील जात’ खोडा. असं काही लिहून बघा: १९८९ ते २०१६ या काळात अत्याचाराच्या खुनांच्या निकालपत्रांत ‘हेतू’ कसा निवडला जातो, आणि त्याच काळातल्या मराठी रहस्यकथांत तो कसा निवडला जातो? याला सुरुवात आहे, शेवट आहे, वाचायचे कागद मोजता येतात, आणि उत्तर आधीच ठरलेलं नाही. कदाचित रहस्यकथांमध्ये हेतू कोर्टापेक्षा जास्त गुंतागुंतीचा निघेल. कदाचित रहस्यकथांत दलित माणूस साक्षीदार म्हणूनसुद्धा सापडणार नाही, आणि मग ती गैरहजेरी कशी मोजायची हा तुमच्या पद्धतीचा प्रकरणभर प्रश्न होईल.

सुरुवात छोटी करा. नागपूर खंडपीठाचा २०१० चा निकाल मिळवा. पूर्ण वाचायच्या आधी फक्त हेतूची चर्चा जिथे आहे ती पानं काढा आणि तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा: साक्षीदार काय म्हणाला, वकील काय म्हणाले, न्यायालय काय म्हणालं. मग ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ या अर्थाचे शब्द कुठल्या रंगात जास्त आहेत ते मोजा.